बर्फाच्या कारखान्यातली बिऱ्हाडं

बंद इमारतीत शिरले की पहिला दिवस मी काहीच करत नाही. टेप पिशवीतच राहतो. बरोबर आणलेली सतरंजी एखाद्या कोरड्या कोपऱ्यात टाकते आणि बसते. डोळे अंधाराला सरावले की हळूहळू सगळं दिसायला लागतं. वारा कोणत्या फटीतून येतो, ऊन फिरत फिरत कुठवर पोचतं, ओल भिंतीवर किती चढून उतरली आहे. पारवे कुठे बसलेत तेही मी बघते. पारव्याला गळकी जागा चालत नाही. ज्या आढ्यावर त्यांची वस्ती, तिथलं छप्पर बहुधा शाबूत.

आमचे गुलाबमिस्त्री याला 'ताईची समाधी' म्हणायचे. पण पहिल्या दिवशी त्यांनीही कधी हातोडी उचलली नाही. दाराशी बिडी ओढत बसून राहायचे आणि मधूनच विचारायचे, "काय म्हन्ते इमारत?"

माझ्या कामाला धड नाव नाही. कोणी मला ठेकेदारीण म्हणतं, कोणी दलाल समजतं. सिव्हिलचा डिप्लोमा केला, तेव्हा वर्गात मुली अशा आम्ही दोघीच होतो. मग बरीच वर्षं दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून उन्हात उभी राहिले. घरं बांधली, दुकानाचे गाळे बांधले, एक मंगल कार्यालयही बांधलं, ज्याच्या जिन्याची मला अजून लाज वाटते. पन्नाशीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थेनं विचारलं, बंद पडलेल्या इमारती राहण्याजोग्या करून द्याल का? कमी पगाराच्या माणसांना परवडतील अशा, चौघांनी मिळून राहण्याच्या. मी हो म्हटलं आणि त्यानंतर नवं असं काही बांधलंच नाही.

आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांमध्ये घरं कमी आहेत असं नाही. कुलपं फार आहेत. मुलं पुण्याला गेली, भावाभावांचं पटलं नाही, धंदा बसला, की इमारत तशीच उभी राहते. आणि त्याच गल्लीत एखादी नर्स, एखादी बदलून आलेली मास्तरीण खोली शोधत दारोदार फिरत असते. या दोघांची गाठ घालून द्यायची आणि मध्ये लागेल तेवढं सिमेंट लावायचं, एवढंच माझं काम. मालकाशी काही वर्षांचा करार करायचा. संडास, मोरी आणि पाणी आधी नीट करायचं. मग खोल्या पाडायच्या. स्वयंपाकघर सगळ्यांमध्ये एक. रंग सगळ्यात शेवटी. रंगाची घाई करणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

विचित्र माणसं भेटतात या कामात. लोणारला एक बंद पडलेला लॉज आम्ही राहता केला होता. खाली कॉलेजची मुलं, वर दोन शिक्षक. एक दिवस एक म्हातारे गृहस्थ बॅग घेऊन दारात उभे. सरोवराच्या काठच्या दगडांचा अभ्यास करायला ते पूर्वी दरवर्षी यायचे आणि लॉजमधल्या कोपऱ्यातल्या खोलीत उतरायचे. "लॉज बंद झाला, आता इथे लोक राहतात," असं मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती खोली रिकामी आहे का?" त्या खोलीतल्या शिक्षकानं आपली गादी उचलून शेजारी नेली. म्हातारबुवा एक रात्र राहिले, सकाळी चादरीची घडी घालून ठेवली आणि गेले. असं पुढे दोन-तीन वर्षं चाललं. मग ते आले नाहीत.

पण आज मला सांगायचं आहे ते चिखलीच्या बर्फाच्या कारखान्याबद्दल. सगळ्या इमारतींमध्ये स्वप्नात येते ती तीच एक.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, चहूकडून घरांनी वेढलेला तो कारखाना होता. बाहेरून बघितलं तर नुसती एक मोठी आंधळी पेटी. भिंतीला एक खिडकी नाही. घरोघरी फ्रीज आले तसा धंदा आटत गेला आणि एके वर्षी मशीन थांबली ती थांबलीच. मालक दिगंबरशेठ तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. कारखान्यासमोरच राहायचे, एकटेच. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून आपल्या कुलपाकडे बघत बसायचे. मुलगा पुण्याला होता आणि 'चला आता' म्हणून मागे लागला होता.

मी गेले, कामाचं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माणसाइले ठेवता त्याच्यात? बर्फाचं घर हाय ते बाई. खिडकी नाई त्याले."

"खिडक्या पाडू, शेठ."

"पाडू म्हन्ते! भीत पाह्यली काय तुम्ही? दोन हात जाड हाय."

"म्हणूनच तर पाहिजे. आपल्याकडचा उन्हाळा. आत गार राहील."

ते परत आपल्या कुलपाकडे बघायला लागले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गार तं राहीन." आणि किल्ल्या आणायला आत गेले.

दार उघडलं तसा डांबराचा आणि जुन्या लाकडी भुशाचा वास अंगावर आला. बाहेर चैत्राचं ऊन होतं आणि आत पाऊल टाकताच दंडावर काटा आला. मशीन थांबून इतकी वर्षं झाली तरी गारवा तिथेच बसून होता. भिंती दुहेरी विटांच्या, मधल्या पोकळीत बुचाचे थर, वरून डांबर. आत एका लांबलचक दालनात जमिनीत बांधलेली मोठी टाकी होती आणि टाकीवर लाकडी झाकणांच्या ओळीच्या ओळी. अंधारात ती झाकणं मला जमिनीत बसवलेल्या दारांसारखी वाटली.

दिगंबरशेठ त्या झाकणांवरून सरावानं चालत गेले आणि मला समजावून सांगू लागले. टाकीत मिठाचं पाणी असायचं. मिठाचं पाणी कितीही थंड केलं तरी लवकर गोठत नाही. त्या पाण्यात गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे उंच साचे सोडायचे. बाहेरचं खारं पाणी वाहतं राहायचं आणि साच्यातलं गोडं पाणी दगड व्हायचं. मग साचा वर ओढायचा, क्षणभर साध्या पाण्यात बुडवायचा, की लादी सुटून बाहेर यायची आणि ओल्या फरशीवरून घसरत पार दारापर्यंत जायची.

"तिचा आवाज कसा होता सांगू?" ते म्हणाले. हात हवेत धरून थोडा वेळ आठवत राहिले. "नाई सांगता येत."

मग म्हणाले, "लग्नाले लादी जाये, रसवंतीले जाये. अन् ज्याचा पोरगा दुरून यायचा राहे त्या मयताच्या घरीबी जाये. लादी एकाच साच्यातली. साच्याले काय माहीत."

त्या दिवशी मी सतरंजी टाकून बसले तेव्हा ते उठून गेले नाहीत. माझ्याशेजारी झाकणावर बसून राहिले.

काम सुरू झालं. पहिली खिडकी पाडायला गुलाबमिस्त्रींना आख्खा दिवस लागला. बाहेरची वीट, मग बुचाचा काळा थर, मग आतली वीट. शेवटची वीट आतल्या बाजूला पडली आणि उजेडाचा एक तिरपा खांब आत घुसला. त्या खोलीनं जन्मात ऊन पाहिलं नव्हतं. धूळ त्या उजेडात वर-खाली तरंगत होती आणि आम्ही सगळे काम थांबवून नुसते बघत उभे होतो. भिंत जाड म्हणून खिडकीचा कट्टाही ऐसपैस झाला, पाय पोटाशी घेऊन एक माणूस आरामात बसेल एवढा. पुढे बायकांनी त्या कट्ट्यांवर उशा टाकल्या.

बायका म्हणजे आमच्या होऊ घातलेल्या बिऱ्हाडकरणी. हे घर एकट्या राहणाऱ्या, नोकरी-कष्ट करणाऱ्या बायकांसाठी करायचं असं ठरलं होतं. बातमी गावात आपोआप पसरली. सगळ्यात आधी आली रेखा. एस.टी.मध्ये कंडक्टर, माहेर पिंपळगाव राजाचं. डेपोतून सरळ आली होती, खाकी कपड्यांतच.

"ताई, अठी खोली भेटन म्हन्ते. खरं हाय काय?"

"हो. पण दसऱ्यापर्यंत थांबावं लागेल."

"थांबतो न. मले सवय हाय." आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी थांबतो' असंच म्हणतात, बाहेरच्या माणसाला गंमत वाटते. "चार घरं बदलली मी ताई. मुक्कामाची गाडी करून सकाळी आली का घरमालकीण दारात उभीच. रात्री कुठी होती? नवरा काऊन येत नाई? आता त्यानं दुसरी केली, तं मी काय त्याले धरून आणू?"

तिनं सगळा कारखाना फिरून बघितला आणि टाकीच्या दालनात कडेच्या फरशीवर मी खडूनं आखलेल्या खोल्यांपैकी टोकाची एक निवडली. खडूच्या रेघेच्या आत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरले. "ही माही," म्हणाली. तिथे तेव्हा भिंतसुद्धा नव्हती.

तिच्यामागून इतर आल्या. वैशाली, एका खाजगी दवाखान्यात नर्स, कायम रात्रपाळीला. सुमनबाई, लोणारकडच्या पुजारी घरातल्या, नवरा गेल्यावर चिखलीत लोकांकडे स्वयंपाक करणाऱ्या. एक नवी लागलेली मास्तरीण, फार कमी बोलणारी. होता होता तेरा जणींना मी तेरा खोल्या कबूल केल्या.

आणि एक माणूस विरोधात उभा राहिला. मधुकरराव, निवृत्त कारकून, कारखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून त्यांचं घर. आम्ही त्या बाजूला खिडकी आखली तर छत्री टेकवत येऊन उभे राहिले.

"इकडे खिडकी नाही पडणार."

"काका, खोलीला वारा पाहिजे ना."

"वारा दुसरीकडून घ्या. एकट्या बाया राहणार, केव्हाही येणार, केव्हाही जाणार. आमच्या अंगणात डोकावतील. इथं घरंदाज लोक राहतात."

रेखा तिथेच होती. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती फक्त म्हणाली, "काका, मी दिवसभर पब्लिकची तोंडं पाहून येतो. तुमच्या आंगनात काय पाहू?"

ते चिडले ते त्यानंच. गल्लीत फिरून त्यांनी एका अर्जावर लोकांच्या सह्या घेतल्या आणि आम्हाला नगरपालिकेत हेलपाटे घालावे लागले. शेवटी काम चालू ठेवायचं आणि पश्चिमेला एकही खिडकी काढायची नाही, अशी तोड निघाली. मी मान्य केलं. त्या बाजूच्या दोन खोल्यांना आजही फक्त वरून झरोका आहे. मला ते आवडत नाही. पण खिडकीसाठी अडून बसले असते तर दारच मिळालं नसतं.

खरं संकट गल्लीतून आलं नाही. जमिनीतून आलं.

श्रावणात एके सकाळी गुलाबमिस्त्रींनी मला टाकीच्या दालनात नेलं. नव्यानं उभ्या केलेल्या आडभिंती खालून हातभर काळ्या पडल्या होत्या. फरशीवर पाणी होतं. वर पाहिलं, छप्पर कुठेही गळत नव्हतं. मिस्त्रींनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारं," ते म्हणाले.

मग मीही चाखून पाहिलं. इतक्या वर्षांत टाकीतून सांडलेलं, झिरपलेलं खारं पाणी जमिनीत मुरलं होतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. उन्हाळ्यात कळलं नव्हतं, कारण हवेत ओलच नव्हती. आता ती सगळी जमीन घामेजली होती आणि तो घाम भिंतीत चढत होता. याला आम्ही लोणा लागणं म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीवर गिलावा टिकत नाही, लोखंड सडतं, गादी-कपडे कायम दमट राहतात. वरून रंग लावून दडवता येतं, वर्षभर. पुढे त्या खोलीतली बाई खोकत राहते.

उपाय एकच होता. टाकी फोडायची, खारी माती जमेल तेवढी उपसायची, मुरूम भरायचा आणि वरचं छप्पर काढून टाकायचं. त्या जागेला ऊन-वारा लागू द्यायचा. म्हणजे दालनाचा चौक करायचा. म्हणजे तिथल्या चार खोल्या गेल्या. उरल्या नऊ.

एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. ओल्या दालनात बसायला जागा नव्हती, त्या उभ्याच राहिल्या. मी सगळं सांगितलं, भिंत दाखवली. रेखा आपल्या टोकाच्या खोलीच्या अर्ध्या भिंतीला हात लावून उभी होती.

"मंग त्या चौघी कोण, ताई?" तिनं विचारलं.

सुमनबाई म्हणाल्या, "चिठ्ठ्या टाका." कोणी म्हणालं, जिनं आधी नाव दिलं तिला आधी. मग आधी कोण आलं यावरून कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता हे घर उभं राहण्याआधीच मोडणार.

तेवढ्यात वैशालीनं रेखाला विचारलं, "तुमची ड्युटी कशी असते हो?"

"पहाटी निंगतो. मुक्कामाची राह्यली तं दुसऱ्या दिवशी येतो. काऊन?"

"मी संध्याकाळी जाते, सकाळी येते. दिवसभर झोपते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग रेखा एकदम हसली. "म्हंजे तू आली का मी नाई, अन् मी आली का तू नाई! बाप्पा, असा तं नवराबी चालला असता!"

सगळ्या हसल्या आणि त्या हसण्यानंच ते सुटलं. कोणाची पाळी कधी, कोण शनिवार-रविवार गावी जातं, कोण घोरतं, अशी विचारपूस सुरू झाली. त्या ओल्या जमिनीवर उभ्या उभ्या त्यांनी जोड्या लावल्या. मी कागद-पेन्सिल घेऊन उभी होते, पण मला कोणी काही विचारलं नाही.

फक्त ती कमी बोलणारी मास्तरीण बाजूला होती. तिला आयुष्यात पहिल्यांदा एकटीची खोली हवी होती, असं ती हळू आवाजात म्हणाली. घरी त्या सहा बहिणी होत्या. "मी बघते दुसरीकडे," म्हणून तिनं पर्स उचलली. मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेले, पण देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ती पुन्हा दिसली नाही. कधी बाजारात तशाच बांध्याची कोणी दिसली तर मी अजूनही वळून बघते.

छपराचे पत्रे उतरवले त्या दिवशी दिगंबरशेठ आले. पत्रा निघत गेला तसं आभाळ सरकत सरकत आत आलं. ते टाकीच्या काठावर बसले. ऊन त्यांच्या पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं, तरी उठले नाहीत.

"जनमभर मी अठी उन्हाले येऊ नाई देलं," ते म्हणाले. "दार उघडं राह्यलं तं पोट्ट्याइले शिव्या द्यायचो."

"वाईट वाटतं का शेठ?"

"नाई व. बरं वाटते. पाय शेकून राह्यले."

दिवाळीनंतर मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. दर उन्हाळ्यात त्यांचा फोन येतो. "आत गार हाय काय?" "आहे शेठ." "मंग ठीक." एवढंच बोलणं, फोन बंद.

बाया राहायला आल्या. नऊ खोल्या आणि बारा जणी. स्वयंपाकघराची मला सगळ्यात धास्ती होती. एका ओट्यावर माणसं टिकत नाहीत, हे मी इतर घरांत बघितलं होतं. सुमनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी कुणाच्या हातचं खात नाही. आमचं सोवळं आहे." मी कोपऱ्यात त्यांना वेगळी शेगडी दिली. रेखाचा चेहरा पडलेला मी पाहिला. काही दिवस दोन्हीकडे दोन वेगळ्या भाज्या शिजल्या आणि दोन्हीकडे शांतता. मग एके दिवशी गेले तर काय, सुमनबाई परातभर कणीक मळताहेत आणि रेखा मिरच्या निवडतेय. सुमनबाईंनी सोवळं सोडलं नव्हतं. त्यांनी फक्त सगळ्यांचा स्वयंपाक आपणच करायचं ठरवलं होतं. "नाहीतरी दुसऱ्यांच्या घरी करतेच. इथं माझ्या घरी करते," म्हणाल्या. त्या बदल्यात त्यांचं पाणी भरणं, दळण, बाजार बाकीच्यांनी वाटून घेतलं. हा काही मोठा बदल होता असं मी म्हणणार नाही. पण भाजी एक झाली.

त्या घरात झोप फार लागते. जाड भिंतींमुळे बाहेरचा आवाज येत नाही, हे त्याचं सरळ कारण, आणि मी इंजिनिअर म्हणून तेच सांगते. पण तिथल्या बायका सांगतात की स्वप्नंही फार पडतात. वैशालीनं कधी बर्फ पडताना पाहिलेला नाही, पण तिला स्वप्नात चौकात बर्फ पडताना दिसतो, अगदी आवाज न करता, आणि सुमनबाई पदर खोचून तो झाडत असतात. रेखाला गाडीचं स्वप्न पडतं. गाडीत एक पॅसेंजर नाही, ड्रायव्हर नाही, आणि गाडी बर्फाच्या लादीसारखी घसरत चालली आहे. "भेव नाई लागत ताई," ती म्हणते. "उलटं बरं वाटते. कोणाले तिकीट फाडायचं काम नाई."

मधुकरराव मात्र बोलायला आले नाहीत. येता-जाता मान दुसरीकडे. रेखा पहाटे ड्युटीवर निघाली की त्यांच्या ओसरीवरचा दिवा लागायचा, ती वळणापलीकडे गेली की बंद व्हायचा. त्या दिव्याचा अर्थ रेखा आणि सुमनबाई दोघी वेगवेगळा लावायच्या, एक म्हणायची पाळत, दुसरी म्हणायची सोबत. मला विचाराल तर अजून कळलेला नाही.

आणि मग तो मे महिना आला. उन्हाळा आम्हाला नवा नाही, पण त्या वर्षी झाडाखालीसुद्धा पाखरं चोच उघडून बसायची. त्यातच एका दुपारी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळाला. लाइन गेली ती गेलीच. पंखे थांबले, कूलर थांबले, सिमेंटच्या स्लॅबखाली माणसं भाजून निघायला लागली.

मी त्या दिवशी बुलडाण्याहून मोरीचा एक पाइप बघायला निघाले होते. पोचेपर्यंत दुपार कलायला लागली होती. मधलं सगळं मला नंतर रेखानं सांगितलं.

तिची त्या दिवशी सुट्टी होती. चौकातल्या सावलीत ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा भिंतीपलीकडून मधुकररावांचा घाबरा आवाज आला. त्यांच्या बायकोला, कमलकाकूंना, भोवळ आली होती. अंग तापलेलं, शुद्ध धड नाही. रेखा ओल्या हातांनीच धावली. जाताना वैशालीला उठवून गेली. दोघींनी काकूंना उचललं. दारापर्यंत आल्यावर मधुकरराव आडवे आले.

"कुठे नेता?"

"आमच्या इथी. गार हाय. तुमीबी चला."

ते जागचे हलले नाहीत. रेखा म्हणाली, "काका, मंग भांडू. आता पाय धरा काकूचे."

त्यांनी पाय धरले.

वैशालीच्या खोलीत काकूंना निजवलं. वैशालीनं ओल्या फडक्यांनी त्यांचं अंग पुसलं, जरा शुद्ध आल्यावर चमच्याचमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजलं, नाडी धरून बसली. थोड्या वेळानं काकूंनी डोळे उघडले, खोलीभर पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं माय, किती गार हाय." मधुकरराव उंबऱ्याशी उभे होते. तिथेच खाली बसले.

आपल्या दाराशी एक म्हातारी बरी झाली, हे गल्लीला कळायला वेळ लागत नाही. समोरची बाई तान्ह्याला घेऊन आली, जरा टेकू का म्हणून. तिच्यामागून तिची सासू आली. मग शिंप्याकडचे सगळे आले, मग कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आला, ज्याची त्या अर्जावर पहिली सही होती. सुमनबाईंनी सगळ्या खोल्यांची दारं उघडली आणि चौकातून पाण्याची कळशी फिरवली.

मी फाटक ढकलून आत आले तेव्हा मला आधी शंका आली. इतकी शांतता होती. चौकात ऊन पांढरं पडलं होतं. पहिल्या खोलीत डोकावले आणि तशीच उभी राहिले. जमिनीवर माणसंच माणसं झोपली होती. सतरंज्यांवर, चादरींवर, नुसत्या गार फरशीवर गाल टेकून. आया पोरांना कुशीत घेऊन, पोरं हातपाय पसरून. शिंपी भिंतीला टेकल्या टेकल्या. खिडक्यांच्या कट्ट्यांवरसुद्धा एकेक जण, गुडघे पोटाशी. दुसऱ्या खोलीत तेच, तिसऱ्या खोलीत तेच. सगळी गल्ली त्या जाड भिंतींच्या आत एका लयीत श्वास घेत होती. मी चप्पल हातात घेतली आणि त्यांच्यामधून पाऊल टाकायला जागा शोधत पुढे गेले. इतकी वर्षं इमारती उघडल्या, पण आपल्याच इमारतीत असं चोरपावलांनी कधी चालले नव्हते.

वैशालीच्या खोलीच्या दाराशी रेखा जागी होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. आत काकू शांत झोपल्या होत्या आणि खाटेच्या पायथ्याशी वैशालीही पेंगत होती. मधुकरराव उंबऱ्यावर आडवे झाले होते. अर्धे आत, अर्धे बाहेर, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. चष्मा घसरून गालावर आला होता. रेखानं तो हळूच काढून बाजूला ठेवला.

त्या एवढ्याशा हालचालीनं त्यांना जाग आली. आपण कुठे आहोत ते त्यांना क्षणभर कळलं नसावं. आधी वर छताकडे पाहिलं, मग रेखाकडे. उठायला म्हणून कोपर टेकलं.

"आली काय लाइन?" त्यांनी विचारलं.

"नाई आली आणखी," रेखा म्हणाली. "झोपा न, काका."

त्यांनी थोडा विचार केला. मग पाय आत ओढून घेतले आणि कुशीवर वळले.